पन्नासातले सात

“पन्नासातले सात!” बर्कनं वर्तमानपत्र पलंगावर भिरकावलं. “यात लिहिलंय ते खरंच आहे. कुत्र्याच्या तोंडात पेन्सिल दिली तर तोसुद्धा नऊ मिळवेल.”

कॅसडी हसला. कुत्र्याचा तो विनोद त्याचाच होता. काल जेवताना स्टेकचे तुकडे करता करता त्यानं तो एका बातमीदाराला ऐकवला होता. सोबत आकडाही सांगितला होता. खरं तर आकडा गुप्त ठेवायचा असतो. सकाळी तो साऱ्या देशानं चहा-कॉफीबरोबर वाचला.

“कुणी फोडलं ते कळू दे फक्त,” बर्क म्हणाला. “त्याची बॅग या खिडकीतून खाली टाकीन. त्याच्यासकट.”

कॅसडी खिडकीकडे बघत राहिला. बर्क अमेरिकन फुटबॉलच्या एका क्लबचा सर्वेसर्वा. कॅसडी त्याचा हेर. बावीस वर्षं कॉलेजांची मैदानं पालथी घालून खेळाडू निवडत आलेला. एकदा पाहिलेला गडी मी विसरत नाही, असं तो चारचौघांत छाती ठोकून सांगायचा.

इंडियानापोलिसचा खेळाडू निवडायचा तो आठवडा म्हणजे निव्वळ बैलबाजार. तीनशे पोरं अर्ध्या चड्डीवर उभी करायची. पंजे मोजायचे, दंड चाचपायचे, गुडघ्यांचे फोटो काढायचे. छातीवर गटाची अक्षरं आणि नंबर. नावाचा पत्ता नाही. मग एका दुपारी बारा मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायला लावायचे आणि कुणाला डोकं आहे, कुणाला नाही, ते ठरवून मोकळं व्हायचं.

दार वाजलं. सात मार्कांचा ढ वाकून आत आला. त्यानं नाव सांगितलं, हात पुढे केला. कॅसडी तेव्हा त्याचा पंजा नजरेनं मोजत होता.

गडी बचावफळीच्या मध्यावर खेळायचा. समोरचे कुठला डाव टाकणार ते ओळखून आपल्या दहा जणांना ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. ढ माणसाच्या हाती ते कोण देईल?

बर्कनं फळ्यावर भराभर अकरा गोल काढले, अकरा बाण मारले आणि सगळं पुसून टाकलं. मग दहा मिनिटं आईची चौकशी, चर्च, मासेमारी. एकदम खडू पुढे केला.

“काढ आता.”

त्यानं काढलं. अकराच्या अकरा बाण. मग मागे सरकून फळ्याकडे पाहिलं.

“सर, एक विचारू? तुमचे सहाच जण रेषेवर आहेत. नियमानं सात लागतात. हा डाव टाकलात तर पाच यार्ड मागे जायचा दंड बसेल.”

बर्कनं बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं.

“मुद्दाम काढलं होतं तसं,” तो म्हणाला. तसं काही नव्हतं. “मग परीक्षेत सात कसे रे?”

“सातच सोडवले होते, सर. सातही बरोबर आले.”

“बारा मिनिटांत सात?”

“दोन मिनिटांत. तेवढ्यात एका क्लबचा माणूस दारात आला. म्हणाला, सतरा नंबर, ऊठ, गुडघ्याचा फोटो परत काढायचाय. मी विचारलं, कुठला सतरा, सर? म्हणाला, छातीवर काय लिहिलंय तुझ्या? चल! तिकडं बाकावर बसवून ठेवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, हा नव्हेच, दुसऱ्या गटातला सतरा पाहिजे. परत आलो तर पेपर गोळा झाले होते.”

“आणि तू गप्प बसलास?”

“एजंटनं बजावलंय. एका क्लबच्या माणसाशी हुज्जत घातली की बत्तीसही क्लबांत बोभाटा होतो.”

कॅसडीची मान तापली. तो बाक त्याला आठवला. हातातला कॉफीचा पेला आठवला, जेवायला पळायची घाई आठवली. डॉक्टर खेकसला होता, ‘अहो, हा कोण आणलात?’, आणि आपण खांदे उडवले होते, तेही आठवलं. बाकावर बसलेला माणूस मात्र काही केल्या आठवेना.

“कोण होता तो?” बर्कनं विचारलं.

त्या गड्यानं फळ्याकडे पाहिलं. मग कॅसडीकडे, अगदी सरळ.

“आठवत नाही, सर.”

कॅसडीनं मान खाली घातली.

बाहेर भोंगा वाजला. मुलाखतीची पंधरा मिनिटं संपली. त्यानं दोघांचे आभार मानले आणि तो वाकून बाहेर पडला.

“बघितलंस, कॅसडी?” बर्क हसला. “अकरा जणांची पावलं तोंडपाठ, आणि एक थोबाड आठवत नाही! थापाड्या लेकाचा. ढ एक वेळ परवडला, थापाड्या नको. मारतो काट.”

त्यानं पेनाचं टोपण काढलं. कॅसडीला खिडकी दिसली. बावीस वर्षं दिसली. पण मगाची ती सरळ नजर काही केल्या समोरून हलेना.

“थांब, बॉस,” तो उठत म्हणाला. “काट मारू नकोस. त्याला परत बोलावतो. त्याच्यासमोरच सांगायचंय मला.”

“काय सांगायचंय?”

कॅसडी तोवर दाराबाहेर होता. बोळात रुंद पाठींची गर्दी होती. त्याला हाक मारायला कॅसडीनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. उंची माहीत होती. वजन माहीत होतं. पंजा, दंड, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो, सगळं माहीत होतं.

“सतरा!” तो ओरडला.

तीन जणांनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्यानं शांतपणे विचारलं, “कुठला सतरा, सर?”