जपानी म्हातारी

अप्पा गेल्यावर महिन्याभरानं आईनं त्यांची अर्धी राहिलेली जपानी कादंबरी सरोजच्या हातात दिली. अप्पा संध्याकाळी मळमड्डीतल्या घराच्या कट्ट्यावर तिचा इंग्रजी अनुवाद आईला मराठीतून वाचून दाखवायचे, आणि आई शेंगा फोडत ऐकायची. खुणेचं सिटीबसचं तिकीट अजून पानांत होतं. “आधी त्या म्हातारीचं बघ की. सुनेनं पेज पाजली, तिथवर आलो होतो,” आई शेंगा पुढ्यात ओढत म्हणाली. सरोजनं पुढची पानं चाळली. म्हातारी कुठंच नव्हती. मग मागची चाळली. म्हातारी पन्नास पानांपूर्वीच वारली होती. तिथून पुढं अप्पांनीच तिला जगवलं होतं. “बरी आहे नव्हं ती?” आईचे हात थांबले. सरोजनं तिकीट मुठीत धरलं. “बरी आहे. आज... उन्हाला बसलीय. लोणचं मागतेय.” आईनं शेंग फोडली. “तुझे अप्पासुद्धा म्हातारी आली की असेच अडखळायचे.”