पाचशे बारा

आकडा पुन्हा पाचशे बारावर येऊन थांबला.

जानकीने कॉम्प्युटर बंद केला, देवाचं नाव घेतलं आणि परत चालू केला. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे टणाटण उड्या मारत वर निघाले. चौसष्ट, एकशे अठ्ठावीस... पाचशे बारा. बस्स. पुढे ढिम्म! परवापर्यंत हाच शहाणा सहाशे चाळीसपर्यंत धावत जायचा. तेवढी मेमरी पोटात बसवलेली होती, आणि आता त्याला ती सगळी दिसेचना. मार्कांचा प्रोग्रॅम सुरूच होईना.

"थांबला?" वनमालाबाईंनी दारातून विचारलं. शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या त्याच. पण आज सकाळपासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"थांबला, बाई."

बाहेर बाकावर काशीराम शिपाई मान खाली घालून बसला होता. "यानेच ओल्या फडक्याने पुसलं असणार," हेडसर सगळ्यांसमोर ओरडले होते, "सोमवारपासून दुसरा माणूस बघतो." तेव्हापासून काशीराम दिसेल त्याला सांगत होता, "मी हात लावूक नाय. देवाशपथ."

जानकीला ते ऐकवत नव्हतं. हात कोणी लावला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

परवा खंडेनवमी होती. मुलुंडच्या त्या शाळेतला पहिलावहिला कॉम्प्युटर आणि त्याची पहिलीच पूजा. चपला बाहेर, हात धुऊन आत, एसी फुल्ल. अगदी गाभारा! हेडसर म्हणाले, "नववीतली जानकी कुंकू लावेल. हुशार पोरगी आहे." अख्ख्या शाळेसमोर तिचं नाव! आणि त्याच सकाळी घरी आईशी तिची जुंपलेली. तिची पाळी आली होती. आईने नेहमीसारखं बजावलं, "बाजूला बस. चार दिवस कशाला शिवायचं नाही." जानकी फणकारली, "काही होत नाही गं! जग कॉम्प्युटरवर आलं, आई!" आई एवढंच म्हणाली, "होईल तेव्हा कळेल."

झालं की मग! तिने झोकात, ठसठशीत कुंकू लावलं. काल दसऱ्याची सुट्टी. आणि आज हा असा.

"कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला," बाई दारातूनच सांगत होत्या, "एसी बंद-चालू होऊन आतल्या चिप्स कधी कधी वर सरकतात. मग त्या याला दिसत नाहीत. प्लग काढ, झाकण उघड आणि एकेक दाब."

जानकीने स्क्रू काढले. झाकण उचललं. आत काळ्या चिप्स ओळीने बसलेल्या, पाय रोवलेल्या झुरळांसारख्या. तिने अंगठा पुढे केला. मग मागे घेतला. उरलेले पाचशे बारा पण गेले तर? काशीरामची तर वाटच लागणार.

"दाब ना गं! चावणार आहे का तो?"

"मी नको, बाई. काशीरामने काही नाही केलं. मीच... मला परवापासून अडचण आहे. तशीच मी पूजेला उभी राहिले."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"हेडसरांना? सगळ्यांसमोर? काय सांगणार होते, बाई?"

आता पाठीत धपाटा बसणार म्हणून जानकीने डोळे घट्ट मिटले. ऐकू आला तो चपला काढल्याचा आवाज. बाई आत आल्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"सरक थोडी."

बाईंनी पहिली ओळ दाबली. मग दुसरी. ओठांत देवाचं नाव चाललं होतं. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या आणि जानकीचा हात धरून पुढे ओढला. "ही तू कर."

जानकीने जीव खाऊन दाबलं. कट्! एक चिप खाली बसली. प्लग लागला. आकडे निघाले. पाचशे बारा... पाचशे शहात्तर. सहाशे चाळीस!

"काशीराम!" बाईंनी जोरात हाक मारली. "आत या, बघा. चिप सैल झाली होती. तुमचं काही चुकलं नव्हतं. हेडसरांना मी आत्ता जाऊन सांगते."

काशीराम धडपडत उठला. तो दारापर्यंत येईतो बाई जानकीच्या कानाशी वाकल्या.

"परवा आरती मलाच करायला लावली त्यांनी. मी तरी काय सांगणार होते गं?"