मशीनची दुसरी बाजू

चोरीला गेलेलं शिलाई मशीन कॅमेऱ्यामुळे सापडलं, हे फोनवर कळलं तेव्हा शिंपीणबाईंना आभाळ ठेंगणं झालं. बहिणीच्या गावाहून त्या तशाच धावत दुकानात आल्या. मशीन आपल्या जागी उभं होतं. नवऱ्याने पुसून लख्खही केलं होतं.

"कॅमेरा कशाला, म्हणत होतीस ना? आता बघ!" त्याने खुशीत मोबाइलवर चोरीचं चित्रण लावलं.

चोराचा चेहरा स्वच्छ दिसत होता. लोखंडी पायांचं ते अवजड मशीन त्याने एका बाजूने उचललं. दुसरी बाजूही उचलली गेली. तिथे कोणीच नव्हतं. मशीन जराही न कलता दाराबाहेर गेलं.

"अगंबाई! तिकडून कोणी धरलंय?"

"पोलिसांनीही तेच विचारलं. चोर म्हणतो, एकटाच होतो."

"काहीतरीच! एकट्याने हलतं तरी का हे?" बाई हसल्या. खांद्यावरची पिशवी त्यांनी आता कुठे खाली ठेवली. "आज टेम्पोतून उतरवायला कोणाला बोलावलंत?"

नवऱ्याने मोबाइल खिशात टाकला.

"असं काय करतेस? तूच तर धरलंस. 'पायरी आहे, जपून,' म्हणालीससुद्धा."