घरची घडी

साहेबांनी ढिगातून एक मतपत्रिका उचलली आणि न उघडताच मावशींच्या नाकासमोर धरली.

"ही कोणाची?"

मावशी रुग्णालयाच्या लाँड्रीत मुकादम होत्या. चादरींची थप्पी पाहून कोणती घडी कोणत्या बाईची हे त्या लांबून सांगत. कोणी काठ आत दुमडे, कोणी बाहेर सोडे. कोणाचा कोपरा दर वेळी बोटभर चुके. चादरीवर मुरलेली सवय कागदावरही सुटत नाही. या वेळी लाँड्रीतल्या बायकांची मतपेटी निराळी ठेवली होती आणि मोजणीच्या मदतीला मावशींचं नाव घातलं होतं. सकाळी तसा हुकूम हातात पडला होता.

"इस्त्रीवरच्या उंच बाईची," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी कागद उघडला. छत्री. छत्री म्हणजे साहेबांचा पक्ष.

"बघा! नुसती घडी दाखवा, घालणारीचं नाव-गाव सांगतील," साहेब समोरच्या कारकुनाला म्हणाले. कारकून हसला आणि चष्मा पुसायला लागला. मत गुप्त असल्याची पाटी त्याच्या डोक्यामागेच टांगलेली होती.

पुढचीही छत्री. त्याच्या पुढचीही. टेबलाच्या एका बाजूला छत्रीचा गठ्ठा चढत होता. दुसरी बाजू विरोधकांच्या शिडीसाठी आखून ठेवली होती, ती कोरी होती. मावशींना जरा श्वास घेता आला.

गेल्या निवडणुकीत भट्टीवरच्या माणसाने शिडीला मत दिलं आणि चहा पिताना तसं बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी त्याला न्यायला गाडी पाठवली. त्याचा टॉवेल अजून भट्टीजवळच्या खुंटीला लटकतो. काढायची कोणाची छाती होत नाही. भट्टीवाला म्हणजे मावशींच्या सुनेचा सख्खा भाऊ. शिडीवाले प्रचारात सांगत होते, निवडून आलो तर आत टाकलेल्या सगळ्यांना सोडू.

म्हणून हुकूम वाचल्यावर मावशी आधी स्वयंपाकघरात गेल्या होत्या. सूनही लाँड्रीतच कामाला होती.

"अगं, कागद चुरगळून टाक पेटीत. घडी घालू नकोस."

"आई, चुरगळलेलं मत बाद करतात. दादासाठी माझ्याकडे एवढं एकच आहे. ते चुरगळू?"

"मग निमूटपणे छत्रीवर शिक्का मार."

सुनेने ओट्यावरचं ओलं फडकं पिळलं, काठ आत घेऊन त्याची तिहेरी घडी घातली, वरून नख फिरवलं आणि बाजूला ठेवलं. फडक्याचीसुद्धा तिची घडी तीच.

साहेबांचा हात पुन्हा ढिगात गेला. कागद वर येतानाच मावशींनी ओळखला. तिहेरी घडी, काठ आत.

या वेळी साहेबांनी विचारलं नाही. आधी उघडला.

शिडी.

"अरेच्चा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ही तर मीही ओळखतो, मावशी. ही तुमच्या घरची. तुम्ही सासू-सून दोघी अशीच घालता."

"तिला मीच शिकवली."

"तेच म्हणतोय. म्हणून बाकीच्यांना नाही सांगता येणार. तुम्हाला येईल. तुमची, की सुनेची?"

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर चढवला, पण मान खालीच ठेवली. मावशींनी कागद हातात घेतला आणि दुमडीवरून अंगठा फिरवला. सून दुमडीवर नख दोनदा ओढते, मावशी एकदाच. हा फरक त्या दोघींखेरीज कोणालाच ठाऊक नव्हता. अंगठ्याखाली दोन रेघा लागल्या.

"माझी," मावशी म्हणाल्या.

"मस्करी करू नका. आमच्याकडे केस पांढरे झाले तुमचे."

"म्हणून तर. म्हातारपणी शिडी चढायची हौस आली."

साहेब हसले नाहीत. "मग सुनेची कोणती?"

मावशींनी ढिगात हात घातला. तशीच दुसरी घडी त्यात असणार होती. सकाळी त्यांनी स्वतःच टाकली होती. टाकताना पाठीमागे सून रांगेत उभी होती आणि मावशींनी वळून पाहिलं नव्हतं. दोन-चार कागद सारल्यावर ती सापडली. तिहेरी, काठ आत, रेघ एक.

"ही."

साहेबांनी ती उलगडली आणि कारकुनाला दिसेल अशी धरली. छत्री. शिक्का हललेला होता, हात कापल्यासारखा.

"घाबरत मारलाय, पण मारलाय," साहेब म्हणाले. "तुमच्यापेक्षा सून शहाणी निघाली."

"आहेच ती शहाणी."

कारकुनाने ते मत छत्रीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. शिडीचा कागद साहेबांनी त्याच दुमडींवर नीट मिटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. टेबलाची दुसरी बाजू कोरीच राहिली.

"उद्या कामावर चालत येऊ नका, मावशी. या वयात पाय कशाला दुखवायचे? मी गाडी पाठवतो."

मावशींनी पुढचा कागद उचलला, उलगडला आणि कारकुनापुढे सरकवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग घरी जाताना खुंटीवरचा टॉवेल घेऊन जाते. भट्टीवाल्याचा राहिलाय."