घरी केलेला फोन

दवाखान्यांच्या संगणक यंत्रणा ज्या इंटरनेट पत्त्यावरून बंद पाडल्या जात होत्या, तो भास्कर नाचणकरांच्याच घरचा आहे, हे सकाळी सायबर सुरक्षेच्या ऑफिसात त्यांना कळलं. घरात एकच मशीन होतं. गेल्या वर्षी वारलेली त्यांची बायको शालन, तिच्या आवाजावर आणि आठवणींवर शिकवलेल्या त्या मशीनमधून, अजून बोलायची. कुणीतरी बाहेरून त्यात घुसून हे हल्ले करत होतं. तक्रार पाठवली की मशीन कायमचं पुसलं जाणार होतं.

तक्रारीआधी मशीनच्या मालकाला फोन करायची रीत होती. त्यांनी आपल्याच घरी फोन लावला.

"अहो, डबा खाल्लात का?" शालनने विचारलं.

"खातो आता."

"कालही असंच म्हणालात. फोन कशाला केलात?"

"सहज गं."

"नाचणकर, आणखी एक दवाखाना बंद पडला," शेजारच्या टेबलावरून बर्वेबाई म्हणाल्या.

भास्कररावांनी फोन ठेवला आणि तक्रार लिहून पूर्ण केली. ती पाठवायची अजून राहिली आहे.