घरचं मीठ

मामाची मोटार मागून घेऊन त्र्यंबक आणि त्याचे दोघे दोस्त मे महिन्याच्या सुटीत पुण्याहून हरिहरेश्वराला निघाले होते. पेण सोडल्यावर रस्त्याकडेच्या चौकोनी वाफ्यांत खाडीचं पाणी चमकताना दिसलं, तसे तिघे धोतरं खोचून त्यात उतरले आणि मनसोक्त हुतूतू खेळले. पायाखाली काहीतरी कुरकुरत होतं. शिंपले असतील म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

पुढच्या गावात पाणी मागायला थांबले, तर ओटीवर बसलेला नामा त्यांच्या गांधीटोप्या बघून हरखलाच.

"गेल्या साली मिठापायी लाठ्या खाल्ल्या ते तुमीच ना?"

"व्हय," त्र्यंबक त्याच्याच बोलीत ऐटीने म्हणाला.

"मंग माज्या घरचं मीठ खाल्ल्याबिगर जायाचं न्हाय!"

पानावर तांदळाची भाकरी आली, वालाचं कालवण आलं. ताजं मीठ आणायला मिठागरावर गेलेली नामाची बायको सोनूबाई मात्र रडवेली होऊन परतली. तिच्या मुठीत निम्मा चिखल होता.

"कोनाची तरी गुरं शिरली व्हती आपल्या वाफ्यांत. समदं मीठ तुडवून ठेवलंय."

नामाने चिखलातून पांढरे खडे निवडून, धुऊन पाहुण्यांच्या पानात वाढले.

"जाऊ दे गं. मुकं जनावर ते, त्याला काय कळतंय?"



मिठाने पांढराफटक पडलेला धोतराचा तांबडा काठ त्र्यंबकने हळूच मांडीखाली सारला, आणि तो मुकाच राहिला.