ठिकाणाचा रकाना

"मुळीचा गुण लिव पोरी, पन ती कुठं उगवते ते नको लिवू. लोकं डोंगर खरवडून नेतील," सुरगाण्याकडच्या झाडपाल्याचं औषध देणाऱ्या नवसाबाईनं औषधी मुळी दाखवताना बजावलं होतं, आणि सुवर्णानं तिला तसा शब्दही दिला होता.

एम.एस्सी.च्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा नाशिकला सरांच्या टेबलावर महिनाभर पडून होता. सरांनी त्याचं पानसुद्धा उलटलं नव्हतं. आज मात्र त्यांनी तिला गोड हाक मारून बोलावलं. शेजारी औषध कंपनीचे एक साहेब त्यांच्यासोबत समोसे खात बसले होते.

"ठिकाणाचा रकाना कोराच ठेवलास की गं! साहेबांना दोन ट्रक मुळी हवीय," सर बोटं चाटत म्हणाले. "आणि बाळा, संशोधनात लपवाछपवी चालत नाही. खरेपणा हाच आपला धर्म."

त्या तेलकट बोटांची तिला शिसारी आली. चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरलेल्या त्या पोरीनं टेबलावरच्या खर्ड्याकडे, दोन वर्षांच्या मेहनतीकडे, एकदा पाहिलं.



मग हळूच म्हणाली, "सर, मी डोंगरावर गेलेच नाही. हे सगळं मी घरी बसून मनानं रचलंय."